साध्या कपड्याला मंतरून घ्यायचं कसं: तुकडा, गाठ, टाका आणि पथ्य

आधीच सांगते, यात मांत्रिक नाही, अमावस्या नाही, लिंबू कापायचं नाही. घरातलीच एखादी वस्तू घ्यायची, शर्ट, रुमाल, बॅग, पेन, गाडीची किल्ली, काहीही, आणि तिला एक काम नेमून द्यायचं, म्हणजे ती अंगावर चढली किंवा हातात आली की आपलं डोकं आपोआप त्या कामाला लागलं पाहिजे. ह्याला मी मंतरणं म्हणते. हे मी आज्जीकडून उचललं. ती नवीन सुपालासुद्धा हळदीकुंकवाचं बोट लावल्याशिवाय धान्य पाखडायला घ्यायची नाही, आणि का गं विचारलं की म्हणायची, "त्याला कळायला नको व्हय, आता कामाला लागायचंय ते."

आता हसू नका, कारण तुम्हीपण हेच करता. नवीन साडी आणली की हळदीचं बोट लावून देवापुढे ठेवणं, मग घडी कोण मोडणार यावरून चर्चा, आमच्याकडे तर एक काकू होत्या त्यांनी घडी मोडली की साडी लाभते म्हणायचे आणि त्यांना बोलावून तासभर नेसायला द्यायचे. खंडेनवमीला आणि दसऱ्याला स्क्रू ड्रायव्हर, शिलाई मशीन, लॅपटॉप, जेसीबी, सगळ्यांना झेंडूचं फूल. एरवी सणाला काळं नको म्हणणारी माणसं संक्रांतीला मुद्दाम काळी चंद्रकळा नेसतात. बाळाला पहिलं अंगडं नव्या कापडाचं नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या जुन्या धोतराचं किंवा लुगड्याचं शिवायचं, कारण ते कापड धुवून धुवून मऊ झालेलं असतं, आणि त्या माणसाचं आयुष्य बाळाला लागावं हीपण एक इच्छा असते. मला यातलं हेच आवडतं की उपयोग आणि जादू एकाच टाक्यात शिवलेली असते, उसवून वेगळी करता येत नाही. आणि हे सगळं पुराणकाळापासूनच आलेलं असलं पाहिजे असंही नाही, नवरात्रातले नऊ रंग बघा, पेपरवाल्यांनी उचलून धरल्यावर गेल्या वीसेक वर्षांतच एवढे पसरलेत आणि आता बँकेतल्या काउंटरवर पण सगळ्या एका रंगात दिसतात. म्हणजे नवीन जादू आजसुद्धा बनवता येते. मग आपली आपण का नाही बनवायची.

जादू चिकटते कशामुळे

मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत जादूचे दोन नियम सांगितलेले असतात. एक, सारखं सारख्याला ओढतं. दोन, एकदा जे एकमेकांना लागलं ते लांब गेलं तरी लागलेलंच राहतं. पहिल्याचा मस्त नमुना जपानमधला. युद्धाला जाणाऱ्या सैनिकाला पोटाला बांधायचा एक पट्टा द्यायचे, सेन्निन्बारी, म्हणजे हजार जणींचे टाके. आई नाहीतर बायको रस्त्यात, स्टेशनावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्या बायकांकडून लाल दोऱ्याचा एकेक टाका घालून घ्यायची, असे हजार. वाघाच्या वर्षात जन्मलेल्या बाईला मात्र आपल्या वयाइतके टाके घालायची मुभा, कारण काय तर वाघ लांब जातो पण परत येतो अशी त्यांच्याकडे म्हण आहे. त्यात पुन्हा पाच सेनचं नाणं शिवायचे, कारण 'चार सेन' चा उच्चार मरणाच्या रेषेसारखा होतो, आणि पाच म्हणजे तिच्या पलीकडे गेलेला. शब्दावरची कोटी आहे नुसती! पण पोराला रणावर पाठवणारी आई कोटीचासुद्धा आधार घेते.

दुसरा नियम म्हणजे आज्जीच्या लुगड्याची गोधडी, वडलांचं घड्याळ, मोठ्या बहिणीचं दहावीचं कंपासपेटीतलं पेन. ह्याला जास्त समजवायला नको.

ह्या दोन्हींच्या वरचा तिसरा नियम आपल्याकडचा आहे आणि माझ्या मते खरी ताकद त्याच्यातच आहे. तो म्हणजे पथ्य. वारकऱ्याची तुळशीची माळ बघा. बाजारात ती काही महाग नसते. पण ती गळ्यात घातली की मटण बंद, दारू बंद, एकादशी आली, वारी आली, आणि माणूस 'माळकरी' झाला. माळेत जोर कुठून आला, तर माळेसाठी तो जे सोडतो त्यातून आला. म्हणून माझा पहिला आणि शेवटचा नियम हाच: पथ्य नसेल तर वस्तू मंतरली जात नाही. नुसता लकी शर्ट म्हणून ठेवलेला शर्ट म्हणजे कपाटातला अजून एक शर्ट.

काम कसं नेमायचं

इथे बहुतेक जण चुकतात. कुर्त्याला सांगतात "मला नोकरी लाव". कुर्ता काय करणार बिचारा. काम छोटं पाहिजे, आपल्या हातातलं पाहिजे, आणि 'अमुक झालं की मी तमुक करणार' ह्या साच्यात बसलं पाहिजे. पीटर गोलवित्झर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 1999 मध्ये ह्या जर-तर वाल्या बेतांवर लिहिलं होतं, की नुसतं "मी व्यायाम करणार" ठरवण्यापेक्षा "सकाळी चहाचा कप खाली ठेवला की बूट घालणार" असं ठरवलं तर माणूस ते करण्याची शक्यता वाढते. आपली वस्तू म्हणजे त्यातला 'जर'. कुर्त्याची बाही मनगटाला लागली की उत्तर द्यायच्या आधी एक श्वास घ्यायचा. एवढंच. रुमालाची गाठ बोटाला लागली की फोन उलटा ठेवायचा. एका वस्तूला एकच काम, दोन दिली की दोन्ही होत नाहीत, हे माणसांसारखंच आहे.

वाक्य तयार झालं की ते मोठ्यांदा म्हणून बघा. म्हणताना लाज वाटली तर ते फार मोठं झालंय. छोटं करा.

वस्तू निवडताना

नवी कोरी नको. अंगात मुरलेली पण अजून दोनतीन वर्षं टिकेल अशी बघा. कॉलर झिजली नसावी, शिवण उसवलेली नसावी, चेन नीट लागत असावी, कारण ऐन वेळी चेन अडकली की आपली जादू राहिली बाजूला, सगळं लक्ष चेनमध्ये. रोज दिसणारी पण रोज न वापरायची अशी वस्तू सगळ्यात बरी. परीक्षेच्या पेनचं मात्र उलटं, ते आधी दोन आठवडे सराव पेपर सोडवायला वापरा, हाताला सवय झाली पाहिजे आणि शाई सुरळीत उतरते का ते कळलं पाहिजे, मग परीक्षेपुरतं बाजूला काढा.

सेकंडहँड वस्तू चालते का असं विचारतात. चालते की! पदरी पडलं पवित्र झालं म्हणतात ते काय उगाच. फक्त एकदा स्वच्छ धुवून, उन्हात वाळवून, इस्त्री करून घ्या, आणि मूळ मालकाबद्दल काही वाईट आठवण असेल तर सरळ सोडून द्या, अशा वस्तूशी रोज भांडत बसण्यात अर्थ नाही.

माझी एक फजिती सांगते. माझा एक गडद निळा खादीचा कुर्ता होता, ऑडिटच्या दिवसांसाठी राखलेला. अकाउंट्समध्ये काम करते, मार्च एंडला आमच्याकडे माणसं माणसांत नसतात, तर त्या कुर्त्याचं काम एकच, तो अंगावर असताना आवाज चढवायचा नाही. तीन वर्षं व्यवस्थित चाललं. मग चुलत बहिणीच्या हळदीला जायचं होतं, बाकी सगळं धुवायला टाकलेलं, म्हटलं एक दिवस घातला तर काय होतंय. हळदीचा डाग तर पडलाच पण त्याहून वाईट म्हणजे पुढच्या मार्चला तो घातला आणि मला ऑडिट आठवायच्या ऐवजी डीजे आठवायला लागला. संपलं. त्या कुर्त्याची आता पायपुसणी पण केली नाही, उशीचा अभ्रा केला, झोपायला बरा आहे.

तुकडा शिवणं (हे सगळ्यात भारी)

हे जरा सविस्तर सांगते कारण हेच मला सगळ्यात जास्त जमतं. आपल्या माणसाच्या जुन्या कपड्याचा तुकडा आपल्या वस्तूच्या आतून शिवायचा, बाहेरून कुणाला दिसत नाही, हात मात्र लागतो.

गेल्या वर्षी भाचा जर्मनीला शिकायला निघाला तेव्हा त्याच्या सॅकमध्ये असा तुकडा शिवला. आज्जीची इरकल होती, जांभळी, लाल पदराची, पदरावर पांढऱ्या रेघा. आधी साडी खिडकीशी उजेडात धरायची, जिथून उजेड जाळीसारखा आरपार येतो तिथलं कापड विरलेलं असतं, ते घ्यायचं नाही. पदर आणि काठाजवळचं कापड सहसा धड असतं कारण मधल्या भागाइतकं ते घासत नाही. चार इंच बाय चार इंच कापायचं, चारही बाजूंनी अर्धा इंच आत दुमडून इस्त्री मारायची, म्हणजे हातात तीन इंचाचा नेटका चौकोन येतो. सॅकचा जो आतला कप्पा असतो, पासपोर्ट वगैरे ठेवायचा, त्याच्या अस्तरावर ठेवून आधी कच्चा टाका घालून घ्या, नाहीतर नायलॉनचं अस्तर इतकं सुळसुळीत असतं की तुकडा वाकडा शिवला जातो आणि ते शेवटी कळतं. मग हेमचा टाका, बारीक, जवळ जवळ. सुई फक्त अस्तरातून जाऊ द्या, बाहेरच्या कापडातून काढली तर तिथून पावसात पाणी मुरतं. तीन बाजू शिवा, वरची उघडी ठेवा, छोटा खिसा होतो. शेवटी कच्चा टाका ओढून काढायला विसरू नका, मी दोनदा विसरलेय.

मी शिवत असताना तो शेजारी बसून बघत होता.

"आत्या, एअरपोर्टवर विचारलं ना हे काय आहे तर मी काय सांगू?"

"सांग पणजीची साडी आहे."

"आणि खिशात काय घालणारेस? तांदूळ नको हां, यूट्यूबवर बघितलंय, बी-बियाणं काढून घेतात."

पोरगं शहाणं आहे. खरंच, परदेशात जाताना धान्य, बी, वाळलेली फुलं, तुळशीच्या मंजिऱ्या असलं काही घालू नका, त्याचे नियम असतात. घरात वापरायच्या वस्तूत पण तांदूळ घातले की पोरकिडे होतात, अंगाऱ्याची पुडी दमट हवेत ओली होऊन डाग पाडते, कापूर उडून जातो. मी त्याला एक रुपयाचं नाणं घातलं, त्याच्या जन्मसालाचं, डब्यातून शोधून. आणि काम काय नेमलं, तर पासपोर्ट काढताना बोट त्या तुकड्याला लागलं की घरी मेसेज टाकायचा. म्हणजे जादू त्याच्यासाठी केली आणि फायदा आमचा, हे त्याच्या लक्षात आलं पण तो काही बोलला नाही.

जाता जाता, कर्नाटकातल्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या, बायका ज्या गोधड्या शिवतात, कवंदी म्हणतात त्यांना, ह्या लोकांचे बरेचसे पूर्वज गोव्यातून तिकडे गेलेले, तर त्या गोधडीच्या चारही कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या शिवतात, त्यांना 'फुलं' म्हणतात. फुलं नसली तर गोधडी उघडी वाटते म्हणे त्यांना. थंडी अडवायला फुलांचा काडीचा उपयोग नाही, तरी ती लागतातच. तुमच्या तुकड्याच्या एका कोपऱ्यावर असं फूल करून बघा, अंधारात कप्प्यात हात घातला तरी बोटाला कळतं.

गाठ

सगळ्यात स्वस्त आणि पटकन होणारा प्रकार. आपल्या भाषेतच बसलाय तो, खूणगाठ बांधणं म्हणतो ना आपण. पूर्वी बायका खरंच पदराला गाठ मारायच्या, बाजारातून काही आणायचं असलं की. अनंत चतुर्दशीचा अनंत म्हणजे तर गाठींचाच खेळ, चौदा गाठींचा दोरा, पुरुषांनी उजव्या हाताला आणि बायकांनी डाव्या हाताला बांधायचा आणि व्रत चौदा वर्षं चालवायचं. गाठी मोजून मारलेल्या आहेत, त्यामुळे मारताना मन दुसरीकडे जाऊ शकत नाही, हे बघा किती हुशारीचं आहे.

आपण घरी करायची ती अशी. रुमालाचं एक टोक घ्या, साधी गाठ, फार घट्ट नको. गाठ आवळताना आपलं जर-तर वाक्य एकदा म्हणा. काम झालं की संध्याकाळी गाठ सोडायची. सोडायचीच! हे पथ्य आहे गाठीचं. न सोडलेली गाठ दुसऱ्या दिवशी नुसती गाठ होते आणि तिसऱ्या दिवशी ती दिसेनाशी होते, डोळ्यांना सवय होते. माझ्या शेजारच्या ताईंनी बीपीच्या गोळीसाठी ओढणीला गाठ मारायला सुरवात केली, पहिले चार दिवस चांगलं चाललं, मग ओढणीच बदलली. तेव्हा गोळीसाठी डबीच बरी, वारांचे कप्पे असलेली. गाठ एका दिवसाच्या कामाला.

दोरा बांधणार असाल तर अजून एक. लाल नाडा बाजारातून आणला की त्याचा रंग सुटतो, पहिल्याच घामाला पांढऱ्या शर्टाची बाही गुलाबी. आधी वाटीभर पाण्यात रात्रभर टाका, सकाळी पांढऱ्या फडक्यावर चोळून बघा, रंग येणं थांबेपर्यंत पाणी बदलत रहा. भरतकामाच्या चांगल्या दोऱ्याची लडी घेतली तर ही कटकट सहसा नसते, आणि ती काही फार महाग येत नाही.

आतून लिहिणं

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये एक सुती सदरा आहे, पंधराव्या शतकातला किंवा सोळाव्याच्या सुरवातीचा, उत्तर भारतातला नाहीतर आपल्या दख्खनमधला. त्यावर छोट्या छोट्या चौकटींत अख्खं कुराण लिहिलेलं आहे आणि कडेने अल्लाची 99 नावं. असे सदरे लढाईला जाताना संरक्षण म्हणून घालत असं समजतात. मला नेहमी वाटतं की लिहिणाऱ्याने किती महिने मान खाली घालून ते लिहिलं असेल.

आपल्याला एक शब्द पुरे. कॉलरच्या आत, पट्ट्याच्या आतल्या बाजूला, बुटाच्या जिभेखाली. शर्टावर लिहायचं तर कापडावर लिहायचा मार्कर मिळतो स्टेशनरीच्या दुकानात, तो घ्या, लिहून झालं की पाकिटावर सांगितलंय तसं वाळवून वरून फडकं ठेवून इस्त्री फिरवा. साधं जेल पेन अजिबात नको. मी एकदा लेकाच्या एनसीसीच्या शर्टाच्या खिशात आतून चिठ्ठी शिवली होती, वहीच्या कागदाची, निळ्या पेनाने लिहिलेली. पहिल्या धुण्यात कागदाचा लगदा आणि खिशावर ढग. परेडच्या आदल्या रात्री हे लक्षात आलं. त्याने मला जे बघितलं ना, मंत्रबिंत्र सगळं विसरले मी.

हातात कला असेल तर भरतकामाने लिहा, साखळी टाका किंवा दांडी टाका. वेळ लागतो, पण लागलेला वेळच तर आपण त्यात घालतोय. शब्द सल्ल्याचा नको, 'शांत रहा' वगैरे, तो शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखा होतो. माणसाच्या हाकेचा घ्या. माझ्या पट्ट्याच्या आत 'बाळे' लिहिलंय, आज्जी मला तशी हाक मारायची, आणि पन्नाशीकडे निघालेल्या बाईच्या पट्ट्यात हे काय म्हणून कुणी विचारायला येत नाही कारण पट्टा उलटा करून कोण बघतंय.

नाव ठेवणं

मोठ्या वस्तूंना, म्हणजे गाडी, कॅमेरा, शिलाई मशीन, ट्रेकची सॅक, शिवायबिवायची गरज नाही. नाव ठेवा. शिवाजी महाराजांच्या तलवारीला भवानी म्हणायचे, शेतकरी बैलांना नावं देतो, ट्रकवाला ट्रकला देतो. नाव असलेल्या वस्तूला आपण फेकत नाही, पुसतो, तेल देतो. माझ्या मशीनचं नाव ठमाबाई आहे आणि बॉबिनखाली साचलेला कचरा मी पूर्वी वर्षातून एकदा काढायचे तो आता दर रविवारी निघतो. ठमाबाई चालते पण छान आता, टाका सुटत नाही, ह्याला जादू म्हणा नाहीतर साफसफाई म्हणा.

कुठे हे करायचं नाही

हेल्मेट. हेल्मेटवर स्प्रे पेंट, थिनर, भलतासलता गोंद लावू नका, कवच कमकुवत होऊ शकतं, कंपन्या तसं लिहूनच देतात. आतल्या गादीत नाणं, ताईत, काहीही खुपसायचं नाही. आयएसआयचा शिक्का आणि त्याच्याबरोबर आयएस 4151 हा नंबर बघून हेल्मेट घ्यायचं आणि जादू करायची ती किल्लीवर. माझ्या स्कूटरच्या किल्लीला इरकलीची चिंधी बांधली आहे, तिचं काम असं की किल्ली लावायच्या आधी हनुवटीखालचं बक्कल 'टक्' वाजलं पाहिजे. लिंबूमिरची बांधायची त्याने बांधावी, माझं भांडण नाही, पण ती टक् करत नाही.

लहान बाळाच्या गळ्यात दोरा, ताईत, मण्यांची माळ नको, झोपेत अडकू शकते. मणगट्यांतला मणी सुटून तोंडात जाऊ शकतो, फोटोपुरतं घालून काढून ठेवा. ड्रिल, लेथ, गिरणी, मिक्सर ह्यांच्याजवळ काम करणाऱ्यांनी मनगटाला लोंबता दोरा अजिबात ठेवू नये, तो खिशात ठेवा, खिशातून पण लागतो.

आणि दुसऱ्याला विकू नका, पैसे घेऊन 'मंतरून देते' असलं काही सुरू करू नका. आपल्याकडे 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झगडले आणि 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर तो एकदाचा झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता गंडेदोरे करत बसणं हा त्यात गुन्हा आहे. असायलाच पाहिजे. माझ्या गाठीने ताप उतरत नाही, तापाला डॉक्टर.

खरंच चालतं का

2012 मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांचा एक अभ्यास गाजला होता, की डॉक्टरचा पांढरा कोट घातलेली माणसं लक्ष लागणाऱ्या चाचणीत कमी चुका करतात, आणि तोच कोट पेंटरचा म्हणून सांगितला तर तेवढा फरक पडत नाही. मला फार आनंद झाला होता वाचून, बघा मी सांगत नव्हते! मग 2019 मध्ये दुसऱ्यांनी त्यातला पहिला प्रयोग जसाच्या तसा पुन्हा करून बघितला तर कोट घातलेल्यांत आणि न घातलेल्यांत फरक दिसलाच नाही. म्हणजे विज्ञानाने शिक्का मारलाय असं मी तुम्हाला सांगणार नाही. सचिन डावं पॅड आधी बांधायचा, पण डावं पॅड आधी बांधणारे गल्लीत शंभर निघतील आणि शतकं काढणारा तो एकच. तो कुर्ता होता तोवर मी ऑडिटला ओरडले नाही हे मात्र ऑफिसातल्या कुणालाही विचारा. कुर्त्यामुळे की कुर्त्याच्या निमित्ताने, ह्यात मला फारसा रस नाही.

धुणं, ताजं करणं, आणि रिटायर करणं

मंतरलेली वस्तू धुवायची नाही असा काही जणांचा समज असतो, क्रिकेटवाल्या पोरांचा तर विशेष, आठ आठ दिवस तेच मोजे. मोजे धुवा. धुण्याने जादू जात नाही, वासाने मात्र मित्र जातात. फक्त वेगळं, हाताने, थंड पाण्यात धुवा, सावलीत उलटं करून वाळत घाला.

वर्षातून एकदा दसऱ्याला सगळ्या अशा वस्तू एका पाटावर काढा. टाके तपासा, उसवलेलं शिवा, फूल ठेवा, आणि प्रत्येक वस्तूचं काम अजून लागू आहे का ते बघा. लेकाची दहावी झाली, त्याच्या पेनचं काम संपलं, ते पेन आता किराणाच्या यादीला लावलंय. ज्या वस्तू फाटल्या त्यांचा धडका तुकडा काढून पुढच्या वस्तूत जातो, बाकी चिंध्या गोधडीच्या आतल्या थरात.

भाच्याचा मागच्या आठवड्यात मेसेज आला, फोटोसकट. तुकड्याची एक बाजू उसवली होती आणि नाणं खाली अस्तरात कुठेतरी वाजत होतं. विचारत होता, आत्या कुठला टाका घालू, आणि इथे लाँड्रीत सॅक टाकलीय ती तशीच धुवून निघू दे का. मी म्हटलं आधी मशीन थांबव आणि सॅक बाहेर काढ, नाणं अस्तर चाचपून वर सरकवत आण, मग व्हिडिओ कॉल लाव. सुईत दोरा ओवायलाच त्याला अकरा मिनिटं लागली.